निरंक

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आमच्या बालगृहात व्यवस्थापन समितीची बैठक व्हायची. अधीक्षक सर इतिवृत्ताची वही फिरवायचे. सहावा विषय असायचा ‘तक्रारपेटीत आलेल्या तक्रारी’ आणि त्यापुढे एकच शब्द, निरंक. समुपदेशक म्हणून मी समितीवर होते. सलग १४ महिने मी त्या शब्दाखाली सही केली. जिथे ४० मुलं दिवसरात्र राहतात तिथे कुणाचीच, कसलीच तक्रार कशी नसते, हे मी एकदाही विचारलं नाही.

बालगृह कुठलं, मुलगा कोण, हे मी लिहिणार नाही. पॉक्सोचं, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४ ते लिहू देत नाहीत, आणि ती कलमं नसती तरी मी लिहिलं नसतं. त्याच्याबाबतीत काय घडलं याचाही तपशील इथे येणार नाही. तो त्याला इतक्यांदा सांगावा लागला आहे की आता पुरे.

२०२२ चा जुलै होता. मी मंगळवारी आणि शुक्रवारी जायचे. त्या शुक्रवारी तो खोलीत आला, खुर्चीवर न बसता खिडकीपाशी उभा राहिला आणि म्हणाला, “ताई, रात्रीची ड्यूटी कोण लावतं?” मी म्हटलं, सर लावतात. “ती बदलता येते का?” मग तो मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेला. भिंतीवर महिन्याचा ड्यूटी चार्ट लावलेला होता. मी त्याच्यासमोरून शंभर वेळा गेले असेन. एका नावापुढच्या प्रत्येक तारखेला पेन्सिलीचा बारीक ठिपका होता, इतका बारीक की नाक भिंतीला टेकवल्याशिवाय दिसला नसता. ते नाव रात्रपाळीच्या एका काळजीवाहकाचं होतं. मुलं त्याला दादा म्हणायची. तो त्यांना खेळायला न्यायचा, गणितं समजावायचा, आम्हा सगळ्यांचा लाडका होता.

खोलीत परत आल्यावर तो चार-पाच वाक्यं बोलला. प्रशिक्षणात शिकवलेलं सगळं अशा वेळी आठवत नाही. मला दोन गोष्टी आठवल्या. मी म्हटलं, “तू सांगितलंस ते फार बरं केलंस. यात तुझी काहीही चूक नाही.” त्यावर त्याने विचारलं, “तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?” इथे जीभ अडखळते. ‘नाही सांगणार’ असं म्हणून त्याला शांत करावंसं वाटतं. पण ते वचन मोडणारच होतं, आणि मोडलं असतं तर त्याचा मोठ्या माणसांवरचा उरलासुरला विश्वासही गेला असता. मी म्हटलं, “हे मी पोटात ठेवू शकत नाही. पण ज्याला सांगेन, त्याचं नाव आधी तुला सांगेन.” त्याने मान हलवली. किती वेळा, कुठे, आणखी कोण, यातलं मी काहीच विचारलं नाही. ते काम माझं नव्हतं. तो गेल्यावर त्याची वाक्यं त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून काढली. त्याने वापरलेला एक शब्द वैद्यकीय भाषेत बदलावा असं वाटलं होतं. नाही बदलला, हे पुढे बरं झालं.

मग मी अधीक्षकांकडे गेले. त्यांनी ऐकलं, दार लावून घेतलं आणि म्हणाले, “ताई, आधी आपण आतल्या आत शहानिशा करू. खोटं निघालं तर एक माणूस आयुष्यातून उठेल.” विश्वस्तांना फोन लावला. तिकडून उत्तर आलं, “सोमवारी बैठक घेऊ, तोवर कुणी काही बोलायचं नाही.” दोघांच्याही आवाजात दुष्टपणा नव्हता, तर काळजी होती. संस्थेची, अनुदानाची, इतक्या वर्षांच्या नावाची काळजी. त्या काळजीच्या यादीत मुलगा मात्र कुठेच नव्हता.

मी तिथून निघून लगेच पोलीस ठाण्यात गेले असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. बस थांब्यावर मी दोन तास बसून होते. खरंच खोटं निघालं तर? माझ्यावरच खटला झाला तर? फोनवर कायदा उघडून वाचला. पॉक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे, त्यावरचं प्रशिक्षण मी दोनदा घेतलं होतं, तरी कलम १९ त्या संध्याकाळी पहिल्यांदा नीट वाचलं. गुन्हा घडल्याची माहिती असेल, किंवा तो घडेल अशी भीती जरी असेल, तर प्रत्येक व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचं आहे. खात्री करून मग कळवा, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. शहानिशा करणं हे पोलिसांचं काम आहे, संस्थेला तो अधिकारच दिलेला नाही. आणि चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कुठलीही जबाबदारी येत नाही, हे त्याच कलमाच्या सातव्या उपकलमात आहे. हे सातवं उपकलम प्रत्येक वसतिगृहाच्या, शाळेच्या, आश्रमाच्या स्टाफरूममध्ये मोठ्या अक्षरांत लावावं, असं मला फार वाटतं. कित्येकांची पावलं केवळ त्या भीतीने अडतात.

ठाण्यात अंमलदार म्हणाले, मॅडम रजेवर आहेत, उद्या सकाळी या. मी म्हटलं, आज रात्री तोच माणूस ड्यूटीवर आहे. एवढ्या एका वाक्याने चक्र फिरलं. दुसऱ्या ठाण्यातून महिला उपनिरीक्षक आल्या, साध्या वेशात. मुलाला ठाण्यात आणायचं नाही, त्याला जिथे बरं वाटेल तिथे जबाब घ्यायचा आणि गणवेश घालायचा नाही, हे कलम २४ मध्ये आहे आणि त्यांना ते ठाऊक होतं. समुपदेशनाच्या खोलीत त्या सतरंजीवर बसल्या. कोण जवळ हवं, असं त्यांनी त्याला विचारलं. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. लिहून झाल्यावर त्यांनी सगळं वाचून दाखवलं. एका ठिकाणी तो म्हणाला, “असं नव्हतं,” तर त्यांनी ते खोडून पुन्हा लिहिलं. त्या रात्री काळजीवाहकाला ताब्यात घेतलं.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाच्या मावशी माझा हात धरून रडल्या आणि मला पायाखालची जमीन सरकल्यासारखं झालं. तीन आठवड्यांपूर्वी मुलाने त्यांना सांगितलं होतं. त्यांनी सरांना सांगितलं होतं. सरांनी मुलाला कार्यालयात बोलावलं आणि त्या माणसाला समोर उभं करून विचारलं, “बोल, काय झालं?” मुलगा गप्प राहिला. मग सरांनी त्या माणसाची पाळी आठ दिवस बदलली आणि विषय मिटला असं ठरवलं. ठिपके त्यानंतरचे होते. पाळी पुन्हा सुरू झाली तेव्हापासूनचे.

मावशींना वाटलं, साहेबांना सांगितलं म्हणजे आपलं काम झालं. वरिष्ठांना सांगून कायद्याची जबाबदारी संपत नाही, हे त्यांना कुणी कधी समजावलंच नव्हतं. प्रशिक्षणं आमच्यासारख्यांची होतात, मुलं मात्र मनातलं बोलतात ती स्वयंपाकघरात, नळाशी, गेटवर. न कळवल्याबद्दल कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. सरांवर त्या कलमाखाली गुन्हा दाखल झाला.

२४ तासांच्या आत पोलिसांनी बाल कल्याण समितीला कळवलं. मुलाने कुठे राहायचं हे ही समिती ठरवते. पहिली सूचना कोणती आली असेल? मुलाला दुसऱ्या संस्थेत हलवा. सगळ्यांना ते सोपं वाटलं. त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मी काय केलं? मला का घालवताय?” त्याचा जिवलग मित्र याच हॉलमध्ये शेजारच्या पलंगावर झोपायचा, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर होती. समितीतल्या एका सदस्यांनी त्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि हलवायचं असेल तर धोक्याला हलवायचं, असा आग्रह धरला. आरोपी कोठडीत होताच. अधीक्षकांकडून पदभार काढला गेला, जिल्हा बाल संरक्षण कक्षातून एक बाई तात्पुरत्या आल्या, मुलगा जिथे होता तिथेच राहिला. या सदस्यांनी त्याला घडलेलं पुन्हा सांगायला लावलं नाही. ‘पोलिसांच्या जबाबात आहे ते आम्ही वाचलं आहे, आता पुढे तुला काय हवं ते सांग,’ असं त्या म्हणाल्या. मला वाटतं, त्या सगळ्या महिन्यांत मी ऐकलेलं ते सर्वांत शहाणं वाक्य होतं.

वैद्यकीय तपासणी आणि दंडाधिकाऱ्यांपुढचा, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ खालचा जबाब हे आठवड्याभरात उरकलं. रुग्णालयात तीन तास बाकावर गेले. डॉक्टरांनी प्रत्येक टप्प्याला त्याची परवानगी विचारली, नको म्हणालास तर थांबतो असं सांगितलं.

कठीण गेलं ते मागे उरलेल्या मुलांसोबत. बातमी फुटायला एक रात्र पुरली. काही जण त्याच्यावर चिडले. दादा त्यांचा आवडता होता आणि याच्यामुळे तो गेला. काहींना वेगळीच भीती होती. एक अगदी लहान मुलगा रोज मला विचारायचा, “ताई, आता आपलं बालगृह बंद होणार का?” त्याला दुसरं घर नव्हतं. संस्था बंद पडली की मुलं चार दिशांना विखुरतात, हे या मुलांना आपल्यापेक्षा आधी कळतं, आणि म्हणूनच ती गप्प राहतात. आम्ही सगळ्यांना एकत्र बसवून ‘तुमच्याबरोबर काही झालं का?’ असं मुळीच विचारलं नाही. एकेकाशी वेगळं बोललो, आणि तेही त्याच्या दिवसाविषयी, झोपेविषयी. त्यातून आणखी दोघे बोलले. त्यातल्या एकाला वाटत होतं की असं फक्त मुलींच्या बाबतीत होतं, मुलांच्या बाबतीत याला काही नावच नसतं. महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांत केलेल्या पाहणीत ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं होतं, आणि सांगणाऱ्यांत मुलगे निम्म्याहून अधिक होते. मी ती पाहणी वाचलेली होती. तरी मुलग्यांच्या संस्थेत ‘इथे तसलं काही होत नाही’ हा समज माझ्याही मनात होता.

त्याच वर्षी २ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल वाचला. चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा इथल्या शाळेच्या वसतिगृहातल्या मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण. माहिती असून पोलिसांना कळवलं नाही, या आरोपावरून एका डॉक्टरवर झालेली कारवाई उच्च न्यायालयाने रद्द केली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा चालू केली. माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे आणि ते गुन्हेगाराला पाठीशी घालणंच आहे, अशा आशयाचं न्यायालयाने म्हटलं होतं. तो निकाल मी छापून विश्वस्तांकडे पाठवला. उत्तर आलं नाही.

मग वाट पाहणं सुरू झालं. न्यायालयाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष नोंदवावी आणि शक्यतो वर्षभरात खटला संपवावा, असं कलम ३५ सांगतं. त्याची साक्ष झाली ती दोन वर्षं आणि दोन महिन्यांनी. या काळात त्याचा आवाज फुटला, उंची वाढली, त्याला क्रिकेटचं वेड लागलं. तो विसरायच्या वाटेवर होता आणि समन्स येऊन त्याला पुन्हा मागे ओढायचं. चार तारखा पुढे गेल्या. एक नेमकी परीक्षेच्या आठवड्यात आली होती.

मी स्वतः साक्षीदार असल्यामुळे या प्रकरणाविषयी त्याच्याशी बोलायचं नाही, असं मला सांगण्यात आलं. ते योग्यच होतं, पण त्याला ते समजावणं अवघड गेलं. “आता तुम्हीपण नाही बोलणार?” असं तो म्हणाला होता. बाल कल्याण समितीने नेमलेल्या सपोर्ट पर्सनने, म्हणजे खटल्याच्या काळात मुलाला सोबत करणाऱ्या एका बाईंनी, ती जागा घेतली. कायद्याच्या नियमांत ही व्यवस्था आहे, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या अंमलबजावणीबद्दल निर्देशही दिले, तरी किती मुलांना ही व्यक्ती प्रत्यक्षात मिळते याची मला काळजी वाटते. या बाईंनी त्याला आधी रिकामं न्यायालय दाखवून आणलं. न्यायाधीश कुठे बसतात, तो कुठे बसेल, पाणी मागता येतं, मध्ये सुट्टी मागता येते, समजलं नाही तर ‘समजलं नाही’ म्हणता येतं. आरोपी पडद्याआड असणार आणि वकिलांचे प्रश्न थेट त्याच्याकडे न येता न्यायाधीशांमार्फत येणार, हेही सांगितलं. मनोधैर्य योजनेतून मिळालेली भरपाई त्याच्या नावावर ठेव म्हणून जमा करवणंही त्यांनीच तडीला नेलं. फक्त खातं उघडायला पाच महिने लागले.

माझी साक्ष २०२४ च्या सप्टेंबरमध्ये झाली. बदलापूरच्या शाळेतलं प्रकरण ताजं होतं. तिथेही शाळेच्या व्यवस्थापनावर पोलिसांना न कळवल्याचा गुन्हा नोंदला गेला होता, आणि न्यायालयाच्या आवारात सगळे त्याविषयीच बोलत होते. मुलाच्या साक्षीत काय झालं ते मला माहीत नाही आणि माहीत असतं तरी लिहिलं नसतं. माझ्या उलटतपासणीतला एक भाग मात्र माझाच आहे. बचाव पक्षाच्या वकिलांनी इतिवृत्ताची वही पुढे केली. “ही सही तुमची?” होय. “विषय सहा वाचा.” मी वाचलं. “पुढे काय लिहिलंय?” निरंक. त्यांनी एकेक पान उलटत १४ महिन्यांचे १४ निरंक माझ्याकडून वाचून घेतले. मग विचारलं, मुलाला त्रास होता तर तक्रारपेटीत एक चिठ्ठीसुद्धा का नव्हती?

मी म्हटलं, “सही माझी आहे. पण ती पेटी उघडताना मी एकदाही पाहिलेली नाही.”

पेटी अधीक्षकांच्या खिडकीखाली टांगलेली होती आणि किल्ली त्यांच्याच खणात असायची. २०१६ च्या आदर्श नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की ती कार्यालयापासून दूर, मुलांच्या खोल्यांजवळ हवी, किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे हवी आणि पेटी दर आठवड्याला उघडायला हवी. चिठ्ठी टाकायची तर मुलाला सरांच्या डोळ्यांदेखत टाकावी लागली असती. ज्या पेटीने त्याचं रक्षण करायचं, तीच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभी राहिली, आणि त्या पुराव्याखाली सही माझी होती. हे मला आजही झोपेत आठवतं.

उशिरा सांगितलं म्हणून खोटं, हा युक्तिवाद तर ठरलेलाच. ऑस्ट्रेलियात संस्थांमधल्या बाल लैंगिक अत्याचाराची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने २०१७ मध्ये अहवाल दिला. खाजगी बैठकांमध्ये बोलायला आलेल्यांना पहिल्यांदा कुणाला सांगायला सरासरी २३.९ वर्षं लागली होती. आमच्या मुलाने तर काही दिवसांतच सांगितलं होतं. त्याचं सांगणं उशिरा नव्हतं, आमचं ऐकणं उशिरा होतं.

काळजीवाहक दोषी ठरला, त्याचं अपील उच्च न्यायालयात आहे. अधीक्षकांचा खटला चालू आहे. विश्वस्तांपैकी दोघांनी राजीनामा दिला. उरलेल्यांशी बसून आम्ही मुलांच्या सुरक्षेचं धोरण लिहिलं. २०२० च्या पॉक्सो नियमांनुसार ते आधीच असायला हवं होतं. त्या बैठकीत कुणी तरी म्हणालं की आपल्याकडे तपासणीला अधिकारी येतातच की. मी बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातल्या अत्याचारांची आठवण करून दिली. तिथलं सत्य २०१८ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या गटाने केलेल्या सामाजिक लेखापरीक्षणातून बाहेर आलं, आणि शिक्षा झालेल्यांत बाल कल्याण समितीतले लोकही होते. रजिस्टर तपासणारे आपल्याकडेही नियमित येत होते. आता स्वयंपाकी, चालक, शिकवणीचे स्वयंसेवक, सगळ्यांची पोलीस पडताळणी होते आणि रात्री हॉलवर एकटा माणूस नसतो. मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा १०९८ हा क्रमांक भिंतीवर रंगवला आहे, आणि तो फिरवता येईल असा फोन मुलांच्या हाताला लागेल अशा जागी आहे. ज्या संस्थांत क्रमांक रंगवलेला आणि फोन कुलपात असतो, तिथे मी आता गप्प बसत नाही.

पेटी हॉलच्या जिन्याखाली आणली. अजून लिहिता न येणाऱ्या मुलांसाठी शेजारी कोरे कागद आणि रंगीत खडू ठेवले. दर शनिवारी ती मुलांच्या समितीतल्या दोन प्रतिनिधींसमोर उघडतात, मी तिथे उभी असते. पहिले तीन शनिवार ती रिकामी निघाली. चौथ्या शनिवारी एक चिठ्ठी होती, ‘कोपऱ्यातला पंखा रात्रभर कटकट करतो, झोप येत नाही.’ वहीत सहाव्या विषयापुढे मी ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं. पंखा मंगळवारी दुरुस्त झाला. चिठ्ठीवर नाव नव्हतं, म्हणून मी व्हरांड्यातल्या फळ्यावर ड्यूटी चार्टच्या शेजारी लिहिलं, ‘पंख्याची चिठ्ठी मिळाली. पंखा दुरुस्त केला आहे. अजून आवाज येत असेल तर पुन्हा लिहा.’ शनिवारी पेटीत पाच चिठ्ठ्या होत्या.